पत्रिका आली, कपाट उघडण्याआधी

माझं माहेर कऱ्हाडचं, सासर पुण्याचं आणि यजमानांची नोकरी बँकेतली, म्हणजे दर तीन-चार वर्षांनी बदली. सोलापूर, नागपूर, वसई, नांदेड असा संसार फिरला. प्रत्येक गावी शेजारी झाले, यजमानांचे सहकारी झाले, भिशीतल्या मैत्रिणी झाल्या आणि त्यांच्या घरच्या लग्नांची बोलावणी आली. चाळीस वर्षांत किती मांडवांत जेवले याचा हिशेब नाही. पण कुठे काय नेसले होते ते बहुतेक आठवतं. दोन-चार ठिकाणी माझं चुकलं आणि ती चूक माझ्यापुरती राहिली नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मनाला लागली, म्हणून ते जास्त आठवतं. गेल्या वर्षी सून आणि भाची दोघी एकाच लग्नाला निघाल्या होत्या. कपाटासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "काय घालू?" तेव्हा घाईत सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

१. आधी नातं बघावं, मग साडी

१९८६ साली कॉलेजातल्या मैत्रिणीचं लग्न होतं. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. तिचे वडील लवकर गेले होते, मामांनी पुढे होऊन लग्न लावून दिलं होतं. मी हौसेनं माझा लग्नातला शालू नेसले, सासरचे सगळे दागिने घातले. मुहूर्त लागून गेल्यावर नवऱ्याकडच्या दोघी-तिघी माझ्याभोवती जमल्या, पदर हातात घेऊन जर बघू लागल्या. त्यातल्या एकीनं मैत्रिणीच्या आईच्या देखत म्हटलं, "मुलीला का नाही असा घेतला?" काकू काही बोलल्या नाहीत. ताटं मांडायची आहेत म्हणून आत निघून गेल्या.

ते शब्द माझे नव्हते, पण त्यांना निमित्त मी दिलं होतं. तेव्हापासून पत्रिका आली की मी स्वतःला विचारते, या लग्नात मी कोण? मामी, मावशी, आत्या, करवली यांनी नटलंच पाहिजे. घरच्याच बायका साध्या दिसल्या तर मांडवाला शोभा राहत नाही, आणि विहिणींच्या बोलण्यात ते कधी ना कधी येतंच. मामा नवरीला बोहल्यावर आणतो तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडे असतात. मामीनं त्या वेळी आपली सर्वांत चांगली साडी नेसावी, तो तिचा मान आहे. पण शेजारीण, मैत्रीण, ऑफिसातली बाई यांनी एक पायरी खाली राहावं. चांगली रेशमी साडी, गळ्यात एकच ठसठशीत दागिना, केसांत गजरा, एवढं भरपूर होतं.

आणि नवरीच्या रंगाची चौकशी करावी. आपल्याकडे बऱ्याच घरांत विधींना नवरी मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसते आणि नंतर शालू. मुहूर्ताच्या लग्नाला मी पिवळी साडी काढत नाही. शालूचा रंग नवरीच्या बहिणीला फोन करून विचारते आणि तो सोडते. या फोनला दोन मिनिटं लागतात, आणि आजवर एकीलाही त्याचा राग आलेला नाही. उलट बरं वाटलेलं आहे.

२. महिना आणि वेळ, दोन्ही वाचावं

पत्रिकेवर आपण स्थळ बघतो, मुहूर्त बघतो, पण तो आकडा कपड्यांच्या दृष्टीनं वाचत नाही. नागपूरला पहिल्याच मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला मी जरीची भरगच्च साडी नेसून गेले. पारा ४५ च्या आसपास. मंगलाष्टकं संपायच्या आत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि यजमानीणबाई नवरीला सोडून माझ्यासाठी कैरीचं पन्हं शोधत फिरल्या. विदर्भातली उन्हाळ्यातली लग्नं शक्यतो संध्याकाळी का लावतात, ते तेव्हा अंगावर आलं.

त्या दिवशी एका जुन्या नागपूरकरणीनं मला समजावलं ते अजून उपयोगी पडतं. रेशीम स्वतः तितकं छळत नाही. छळते ती रेशमासारखी दिसणारी पॉलिएस्टरची साडी, तिच्याखालचा सॅटिनचा परकर आणि ब्लाउजचं सिंथेटिक अस्तर. घाम शोषायला आत काहीच नसतं. म्हणून उन्हाळ्यातल्या लग्नासाठी परकर सुती, ब्लाउजचं अस्तर सुती, हे शिंप्याला निक्षून सांगावं. साडी महेश्वरी किंवा चंदेरी घ्यावी. महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो, त्यामुळे ती झळाळते आणि तरी वजनाला हलकी राहते. कोकणात मे महिन्यात ऊन कमी वाटलं तरी हवा दमट असते, तिथेही हाच नियम.

डिसेंबर-जानेवारीत उघड्या लॉनवर रात्रीचं रिसेप्शन असेल तर याच्या उलट. साडीला शोभेल अशी शाल आधीच बाजूला काढून ठेवावी. ऐन वेळी यजमानांचा स्वेटर पांघरून बसलेल्या बायका मी प्रत्येक हिवाळ्यात बघते.

३. हळदीला नवं काही नेऊ नये

पूर्वी हळद घरात लागायची, पाच-सात सवाष्णी असायच्या. आता हळदीचा वेगळा कार्यक्रम होतो, पिवळ्या कपड्यांत, फुलांच्या सजावटीत. कार्यक्रम छान असतो, पण उष्टी हळद शेवटी सगळ्यांना लागते. सुती कुर्ता, धुवट साडी, फिका पिवळा किंवा आंब्याचा रंग घालावा. डाग पडला तरी रंगात रंग मिसळतो.

डाग पडलाच तर साबण लावायला धावू नये, हे माझ्या आईनं शिकवलं. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, पारंपरिक कुंकू असंच बनतं. साबणही हळदीवर तसंच काम करतो, म्हणून पिवळा डाग घाबरून चोळला की लालसर होतो. आधी नुसत्या पाण्यानं धुवावं आणि सुती कापड असेल तर उन्हात वाळत घालावं. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, दोन-तीन उन्हांत बराच उडतो. रेशीम मात्र उन्हात घालू नये, ते सरळ जाणकार धोब्याकडे द्यावं.

४. एकाच पांढऱ्या रंगाचे तीन अर्थ

हा धडा मला तीन गावांनी मिळून दिला आणि माझ्या दृष्टीनं तो सगळ्यांत मोठा आहे.

कऱ्हाडला वाढताना मला सांगितलं होतं, लग्नात काळं नको आणि कोरं पांढरं नको. काळी चंद्रकळा संक्रांतीला नेसायची, मांडवात नाही. पांढऱ्याबद्दल तर कुणी कारणही सांगत नसे. कारण सगळ्यांना माहीत होतं, ते घरातल्या एखाद्या काकूच्या अंगावर दिसायचं.

नागपूरला शेजारच्या घरी लग्न होतं. कुटुंब बौद्ध. मी नेहमीप्रमाणे लाल-हिरवं काढून ठेवलं होतं. जाण्याआधी सहज विचारलं तर शेजारीण म्हणाली, "वहिनी, काहीही नेसा, पण तुमच्याकडे पांढरी असेल तर आम्हाला फार आवडेल." मांडवात गेले तर नवरा-नवरी दोघंही शुभ्र पांढऱ्यात, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेपुढे उभे, आणि सगळा मांडव त्रिशरण-पंचशील म्हणत होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात लाखो माणसं पांढरे कपडे घालून धम्मदीक्षेला जमली होती. त्या घरातली आजी त्या दिवशी तिथे होती. तिनं आपल्या आईबरोबर पांढरं लुगडं नेसून घर ते दीक्षाभूमी चालत गेल्याची आठवण मला सांगितली. त्या घरात पांढरा हा नव्या जन्माचा रंग आहे. मी फिक्या दुधी रंगाची साडी नेसले होते, लाल काठाची. आजीनं काठावरून हात फिरवला आणि जेवायला मला शेजारी बसवून घेतलं.

पुढे वसईत बदली झाली. तिथल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नवरी पांढरा गाऊन घालून चर्चमध्ये आली. इथे पांढरा रंग नवरीचा, आणि फक्त नवरीचा. नागपूरहून शिकून आलेली मी तीच दुधी साडी नेसणार होते. शेजारच्या सिल्वीमावशींना आदल्या दिवशी विचारलं म्हणून वाचले. त्यांनी आणखी एक सांगितलं, प्रार्थना चालू असताना खांदे झाकलेले असावेत. पदर घ्यायला विसरू नका. त्या चर्चमध्ये कुपारी समाजातल्या वयस्कर बायका आपल्या लाल लुगड्यांत पुढच्या बाकावर बसल्या होत्या आणि गाऊन घातलेल्या नवरीइतक्याच देखण्या दिसत होत्या.

नांदेडला यजमानांच्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न गुरुद्वाऱ्यात झालं. तिथे रंगाची अडचण नव्हती. डोकं झाकायचं, पादत्राणं बाहेर काढायची, जमिनीवर बसायचं. निसरडा पदर डोक्यावरून सारखा घसरत होता. आता अशा ठिकाणी सुती किंवा टसरची साडी नेसते, ती डोक्यावर ठरते. यजमानांसाठी खिशात मोठा रुमाल ठेवते.

म्हणजे कुणाच्या घरी कोणता रंग शुभ हे आपल्या लहानपणानं ठरवू नये. ज्याचं घर त्याला विचारावं.

५. मांडवात आपल्याला काय करायचं आहे

हे सुनेसाठी खास. साडी आरशापुढे उभी राहून निवडतात, पण लग्नात आपण उभे कमी आणि वाकलेले, बसलेले, धावणारे जास्त असतो. करवलीला कऱ्याचा तांब्या धरून नवरीच्या मागे उभं राहायचं असतं. पंगत असेल तर मांडी घालून बसता आलं पाहिजे, वाढायला वाकता आलं पाहिजे. नवी साडी आणली की ती नेसून घरात एकदा मांडी घालून बसून बघावं आणि जिन्यानं वर-खाली करावं. निऱ्या सुटल्या तर ती साडी त्या लग्नाची नव्हे. नऊवारी हौसेनं नेसायची असेल तर आधी दोनदा नेसून चालायची सवय करावी. काष्टा नीट बसला तर नऊवारीइतकं सोयीचं काही नाही, माझ्या आज्या तीच नेसून शेतात राबल्या.

आणि होमाजवळ बसणाऱ्यांनी सिंथेटिक नेसू नये. लाजाहोमाच्या वेळी कानपिळीला आलेला भाऊ, वहिनी, लहान मुली सगळे अग्नीला चिकटून असतात. रेशीम आणि लोकर सहज पेट घेत नाही. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. लहान मुलींना घेरदार नायलॉनचे घागरे घालून होमापाशी बसवतात ते मला अजिबात बघवत नाही. त्यांना खणाचं परकर-पोलकं घाला. खण विणीला घट्ट असतो, टिकतो आणि त्या त्यात गोडही दिसतात.

६. पुरुषांसाठी थोडक्यात

यजमानांनी आयुष्यभर एकच गरम सूट प्रत्येक लग्नाला घातला आणि प्रत्येक मे महिन्यात घामाघूम झाले. शेवटी मुलानं त्यांना दोन सुती-रेशमी कुर्ते आणि एक जाकीट शिवून आणलं, तेव्हा ते पहिल्यांदा मांडवात शेवटपर्यंत बसले. स्वच्छ इस्त्रीचा कुर्ता-पायजमा कुठल्याही मराठी लग्नाला पुरतो. दारात फेटा बांधत असतील तर बांधून घ्यावा, नको म्हणू नये. तो लग्नघरानं केलेला मान असतो. चपला काढायच्या असतात म्हणून पटकन निघणारं पादत्राण घालावं. कोल्हापुरी चांगली, पण नवी कोरी कोल्हापुरी पहिल्यांदा लग्नातच घालू नये, दोन आठवडे घरात वापरून मऊ करावी.

७. रंग ठरवणाऱ्यांनी जरा थांबावं

हा सल्ला पाहुण्यांसाठी नाही, लग्नघरच्या यजमानांसाठी आहे. पण आपण सगळेच कधी ना कधी यजमान होतो.

आमच्याच घरातलं लग्न. मुलांनी गटावर निरोप टाकला, संगीताला सगळ्यांनी पिस्ता, हळदीला पिवळा, रिसेप्शनला वाईन रंग. फोटो एकसारखे यावेत एवढाच हेतू होता, वाईट काही नव्हतं. माझी एक चुलत जाऊ साताऱ्याजवळच्या गावी असते. घरी चार एकर ऊस. तिनं "बघते" असं उत्तर दिलं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ताप आल्याचं कळवलं. चार महिन्यांनी मी तिच्याकडे गेले. बोलता बोलता ती म्हणाली, "वहिनी, ऊसबिल आलं नव्हतं. माझ्याकडे एक जांभळी साडी आहे चांगली. पण सगळ्या पिस्त्यात मी एकटी जांभळी उभी राहिले असते."

नवरा मुलगा तिचा पुतण्या, तिच्या मांडीवर खेळलेला. त्याच्या अंगावर अक्षता टाकायला ती येऊ शकली नाही, ते आमच्यापैकी कुणी कपाटात काय आहे हे न विचारता रंग ठरवला म्हणून.

तेव्हापासून आमच्या घरात मी एवढं पाळायला लावलं आहे. रंग ठरवायचाच असेल तर मोकळा ठरवावा, "हिरव्याच्या कुठल्याही छटा" किंवा "काठापदराची कुठलीही साडी". नेमका रंग हवा असेल तर ती साडी यजमानांनी द्यावी, आहेरात नाहीतरी साडी देतोच, ती लग्नाआधी द्यावी. आणि तेही जमत नसेल तर रंगाचा आग्रह सोडून द्यावा. माणसं आली पाहिजेत.

८. उसन्या पैठणीबद्दल

उसनी साडी नेसण्यात कमीपणा नाही. आईची, सासूची पैठणी नेसून लग्नाला जाणं यासारखी दुसरी मिरवणूक नाही. हातमागावरची येवल्याची किंवा पैठणची पैठणी विणायला काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात; पदरावरचे मोर एकेक धागा हातानं गुंतवून विणलेले असतात, त्यामुळे पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. विकत घेताना आणि उसनी घेताना पदर उलटून बघावा, म्हणजे आपण काय सांभाळायला घेतो आहोत ते कळतं. अत्तर जरीवर मारू नये, जर काळी पडते. पिन लावायचीच तर ब्लाउजच्या बाजूनं आणि एकच. परत देताना घडी बदलून, मलमलच्या कापडात गुंडाळून द्यावी आणि डाग पडला असेल तर आधी सांगावं.

९. आत्याचा फोन

माझी आत्या एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली. शिक्षिका होती, दोन मुलं एकटीनं वाढवली. माझ्या लग्नात ती फिक्या राखाडी साडीत मागच्या खोलीत भाजी निवडत बसली होती. मी तिला पुढे बोलवलं नाही, कारण तेव्हा मला ते खटकलंच नाही. मला आयुष्यात कशाची लाज वाटत असेल तर याची.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढून घेणं, शुभकार्यातून दूर ठेवणं, सगळं बंद. राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. आत्यानं ती बातमी वर्तमानपत्रातून कापून ठेवली होती. त्याच वर्षी डिसेंबरात माझ्या मुलाचं लग्न होतं. एका रात्री तिचा फोन आला. ब्याऐंशी वर्षांची ती, आवाज हळू. म्हणाली, "मी काय नेसू गं लग्नाला?"

तिला साडीचा सल्ला नको होता. तिला विचारायचं होतं, मला पुढे येऊ द्याल का.

मी दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेले. तिच्या पेटीत तळाशी एक इरकल होती, हिरवी, लाल रेशमी काठाची, तिच्या लग्नातली. विधवा झाल्यापासून नेसलेली नव्हती. घडीवर थोडी विरली होती, रफू करून घेतली. लग्नात ती तीच नेसली, आम्ही तिला हिरव्या बांगड्या भरल्या. सूनमुख बघायला मी तिला माझ्याआधी बसवलं. दोन नातेवाइकांनी तोंड फिरवलं, त्यांना मी जेवणाच्या वेळी वाढायला गेले आणि काही बोलले नाही. नव्या सुनेनं मात्र तिला विचारलं, "आत्याआजी, ही साडी कुठली?" आणि आत्या पाऊण तास तिला इरकलचा पदर अंगाला कसा जोडतात ते दाखवत होती.

तुळशीचं लग्न झालं की पुन्हा पत्रिका यायला लागतील. तुमच्या घरात अशी आत्या, काकू, मावशी असेल तर तिच्या फोनची वाट बघू नका. पत्रिका देताना तिच्या हातात साडी द्या, रंगीत, काठाची, आणि मांडवात कुठे बसायचं तेही त्याच वेळी सांगा.